समोरच्या रांगेची ओळ

मला गाता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. नंदुरबारला आमच्या घराच्या फाटकावर 'गाण्यांतून इंग्रजी' अशी पाटी आहे. ती वाचून लोक हौसेनं आत येतात, आणि मी पहिली ओळ म्हणून दाखवली की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आमचे हे तर म्हणतात, "तू गायला लागलीस की गल्लीतली कुत्री उठून जातात." जाऊ देत! गाणं शिकायचं असेल तर पलीकडच्या गल्लीत बुवा बसले आहेत, त्यांच्याकडे जावं. माझ्याकडे इंग्रजी मिळतं.

नोकरीची सगळी वर्षं मी तेच शिकवलं. त्यातली बरीचशी धडगावच्या वरच्या अंगाला, एका आश्रमशाळेत गेली. माझं माहेर आणि सासर दोन्ही तापीकाठचं, केळी-कापसाचं. घरात गुजरी, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी आणि मग कुठे इंग्रजी, असा माझा स्वतःचा प्रवास. त्यामुळे डोंगरावर बदली झाली तेव्हा मला वाटलं, या पोरांचं दुखणं मला कळेल. कसलं काय! त्यांच्या घरी पावरी बोली. मराठीसुद्धा त्यांना सरकारी गणवेशासारखी वाटायची, अंगावर घालून शाळेत यायची आणि सुटल्यावर काढून ठेवायची. आणि मी फळ्यावर बारा काळांचा तक्ता काढायची. सगळा वर्ग माझ्याकडे अतिशय आदरानं बघत बसायचा. एक शब्द बोलेल तर शपथ.

मग एकदा दुपारी काय झालं, जेवणं आटोपून मुली नळावर ताटं घासत होत्या आणि घासता घासता गात होत्या. मी सहज कान दिला. अगं बाई, हे तर इंग्रजी! शहाद्याहून घाट चढणाऱ्या जीपांमध्ये ड्रायव्हर लोक काय वाट्टेल ते लावतात. त्यातलंच एक गाणं सुट्टीत घरी जाता-येता पोरींच्या कानात बसलं होतं. शब्दांचे हातपाय मोडलेले, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एक ओळ चुकलेली नाही. "याचा अर्थ काय गं?" म्हणून विचारलं तर सगळ्या खिदळायला लागल्या. अर्थ असतो हेच त्यांना नवीन होतं. मी कपाळाला हात लावला. पाठांतर झालेलं, उच्चारांची भीती गेलेली, चाल पक्की. माझं अर्धं काम जीपवाल्यानं करून ठेवलं होतं आणि मी मात्र तक्ता काढत बसले होते.

तेव्हापासून हा धंदा सुरू झाला. बाहेरच्या माणसाला वाटतं, गाणं लावायचं आणि पोरं शिकतात. तसं असतं तर जीपचे सगळे ड्रायव्हर प्रोफेसर झाले असते. आधी गाणं निवडायला डोकं लागतं. गाणारा शब्द चावून बोलणारा हवा. तोंडात सुपारी धरल्यासारखं गाणारे कितीही नावाजलेले असोत, माझ्या उपयोगाचे नाहीत. गाण्यात काहीतरी घडायला हवं, म्हणजे कुणी वाट बघतंय, कुणी निघून गेलंय, कुणाला उशीर झालाय. मग पहिल्यांदा ऐकताना हातात पेन घ्यायचं नाही, नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा ओळखीचा शब्द आला की हात वर करायचा. त्यानंतर मी फळ्यावर ओळी लिहिते, मधले शब्द गाळून, आणि पोरांनी ते कानानं पकडायचे. एक माणूस सकाळपासून स्टॉपवर उभा आहे आणि अजून उभाच आहे, अशा एका ओळीनं जो काळ समजला तो माझ्या तक्त्यानं वर्षानुवर्षं समजला नव्हता. मला जरा वाईटच वाटलं. मी तो तक्ता रंगीत खडूंनी काढायची हो!

यातली मोठी अडचण म्हणजे गाण्यातलं व्याकरण. गाणारे लोक भलतेच सैल. क्रियापद खाऊन टाकतील, दोन-दोन नकार एकाच ओळीत कोंबतील, एकट्या माणसाला अनेकवचन लावतील. मी फळ्याच्या मधोमध रेघ मारून एका बाजूला 'गाण्यात चालतं' आणि दुसऱ्या बाजूला 'अर्जात चालत नाही' असं लिहायची. पोरांना हा खेळ फार आवडला. "मॅडम, हा नापास!" म्हणून ओरडायची. जगभर गाजलेल्या माणसाला डोंगरातल्या आठवीच्या पोरांनी नापास करायचं, याची मजा मला अजून येते. आणि दुसरी अडचण शब्दांची. गाण्यात हृदय, पाऊस, रस्ता, दार हे हवे तेवढे मिळतात. पण तापमापी, दाखला, तारीख पुढे ढकलणे, असलं काही मिळत नाही. ते वेगळं शिकवावंच लागतं. गाण्यानं सगळं येतं असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला माझ्याकडे पाठवा.

आता मुद्द्यावर येते. त्या शाळेत रमिला नावाची मुलगी होती. काटकुळी, अबोल, पण डोळे सारखे चालू. एक दिवस मी सगळ्या वर्गाला एकदम गायला लावलं तर ही तोंड मिटून बसली.

"काय गं, येत नाही का?"

"येतं मॅडम. पण असं नाही म्हणत."

"मग कसं म्हणतात?"

"समोर कुणीतरी पाहिजे."

तिच्या पाड्यात लग्नाला बायका गातात ते असं. एकमेकींच्या कमरेला हात घालून दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एक रांग ओळ म्हणते. दुसरी रांग लगेच उत्तर देत नाही. आधी समोरच्या रांगेची ओळ जशीच्या तशी आपल्या तोंडात घेते, आणि मग आपली ओळ देते. "नाही घेतली तर?" मी विचारलं. "मग त्या रुसतात," रमिला म्हणाली. "आमचं ऐकलंच नाही म्हणतात."

मी त्याच दिवशी बाकं भिंतीला लावली. मुलींच्या दोन रांगा केल्या, मुलांच्या दोन. गाण्यातल्या ओळींचे प्रश्न केले. एका रांगेनं इंग्रजीत विचारायचं, इतके दिवस कुठे होतास? दुसरीनं अख्खा प्रश्न घ्यायचा आणि मग उत्तर द्यायचं. बघता बघता वर्गाला वाचा फुटली. प्रश्न दोनदा कानावर पडायचा, शब्दांचा क्रम तोंडात बसायचा, आणि ओळ घेता घेता उत्तर सुचायला वेळही मिळायचा. मुख्याध्यापक खिडकीतून बघून गेले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या तासाला लग्नघर वाटतं." ते कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

निवृत्तीनंतर नंदुरबारला घरीच क्लास काढला आणि गिऱ्हाइकांची वेगळीच तऱ्हा सुरू झाली. पहिल्याच महिन्यात धानोऱ्याकडचे एक गृहस्थ तणतणत आले. त्यांची मुलगी माझ्याकडे येत होती. ते दारातूनच म्हणाले, "बाई, मन्ही पोर सकाय-संध्याकाय घरमा 'आय लव यू, आय लव यू' करी ऱ्हायनी. हाई इंग्रजी शे का दुसरं काही?"

मी म्हटलं, "आण्णा, त्यामा 'आय' कर्ता शे, 'यू' कर्म शे. अभ्यास शे तो."

"ते बठ्ठं ठीक शे बाई," ते खुर्चीवर टेकत म्हणाले, "पन तो 'यू' कोन शे, तेवढं इचारी ल्या ना."

मला हसू आवरेना. चहा पाजून त्यांची समजूत काढली आणि तेव्हापासून आई, मैत्रीण, गाव, रस्ता अशी गाणी आधी घेते. प्रेमाची गाणी परीक्षा जवळ आली की काढते, कारण तेव्हा पोरांना जागं ठेवावं लागतं.

दुसरे एक नवापूरचे पोल्ट्रीवाले भाऊ. बाहेरच्या कंपन्यांशी बोलता यावं म्हणून इंग्रजी शिकायला यायचे, पण त्यांना गाणी लागायची ती फक्त विरहाची. एकदा कोंबड्यांच्या खाद्याचा ट्रक अडकला. यांनी कंपनीच्या साहेबाला फोन लावला आणि गाण्यातलं सगळं ओतलं. मला असं सोडून जाऊ नका, तुमच्याशिवाय माझं कुणी नाही, असं अस्खलित इंग्रजीत. साहेब घाबरलाच असणार. ट्रक दुसऱ्या दिवशी दारात! भाऊ अंड्यांचा ट्रे घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, व्याकरण ऱ्हाऊ द्या. आजून एक रडकं गाणं द्या."

असं हसतखेळत चाललेलं असताना एक दिवस रमिला दारात उभी राहिली. मधे कितीतरी वर्षं गेलेली. ती नर्सिंगचा कोर्स पुरा करून बसली होती, मार्कही उत्तम. सुरतेच्या दोन दवाखान्यांत मुलाखतीला जाऊन आली होती आणि दोन्हीकडे नुसती गप्प बसून परतली होती. प्रश्न कळायचा, उत्तर माहीत असायचं, पण इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घशातून आवाज निघायचा नाही.

"बाबा म्हणाले, आता एकदाच जा," ती म्हणाली. "यावेळी नाही झालं तर घरी ये म्हणाले. शेतात काम आहे."

मी चिडले. एवढी शिकलेली पोर आणि बाप म्हणतो घरी ये! तिला तसं बोललेही. तर ती शांतपणे म्हणाली, "रागावून नाही म्हणाले, मॅडम. म्हणाले, दोनदा गेलीस, दोनदा रडत आलीस. पोरीला रडायला कुठे पाठवू मी?"

बापाचं चुकलं असंही म्हणवेना आणि पोरीला डोंगरावर परत पाठवायचं तर जीव तुटत होता. एकदा ती वर गेली की पुन्हा खाली येणं अवघड, हे तिलाही माहीत होतं, मलाही. मी म्हटलं, "उद्यापासून रोज ये."

मुलाखत सुरतेलाच, तिसऱ्या एका दवाखान्यात होती; तोवर ती ओळखीच्या मुलींच्या खोलीवर उतरली. आम्ही तेच जुनं काढलं. माझ्या दिवाणखान्यात दोन रांगा, एका बाजूला मी आणि समोर ती आणि खोलीवरची एक मैत्रीण. मी मुलाखतीचे प्रश्न चालीवर विचारायचे. त्यांनी ओळ घ्यायची, मग आपली द्यायची. हळूहळू चाल काढून टाकली, मैत्रिणीला बसवलं, आणि रमिला एकटी उभी राहून बोलायला लागली. स्वतःबद्दल, वॉर्डबद्दल, पेशंट चिडला तर काय करशील याबद्दल. इतकं नीट बोलायला लागली की आमचे हे पेपर खाली ठेवून ऐकायचे.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी माझ्या भाचीला बोलावलं. ती पुण्यात एका कंपनीत माणसं निवडण्याचंच काम करते आणि दोन दिवस आली होती. म्हटलं, तू विचार. तिनं चार प्रश्न विचारले, रमिलानं चारही उत्तरं चोख दिली. रमिला गेल्यावर भाची म्हणाली, "मामी, मुलगी हुशार आहे. पण ती प्रत्येक प्रश्न आधी अख्खा परत का म्हणते? समोरच्याला वाटेल, चेष्टा करतेय."

मला त्याचं काही वाटेनासंच झालं होतं, इतकी मी त्या पद्धतीला सरावले होते. रमिलाला परत बोलावलं. "हे बघ, प्रश्न परत म्हणायचा नाही. सरळ उत्तर." तिनं मान हलवली. मी विचारलं, "तुला ही नोकरी का हवी?" तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा विचारलं. ओठ हलले, आवाज नाही. त्या दोन मुलाखतींत हिचं काय झालं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसलं. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तशी मी हात जोडले. "राहू दे बाई. घे तू ओळ. घे आणि मग दे. काय व्हायचं ते होईल."

असं म्हणाले खरी, पण सकाळी सुरतेच्या गाडीत बसले तेव्हा मी डबा उघडलाच नाही. नवापूर गेलं, उच्छल गेलं, रमिला खिडकीबाहेर बघत होती आणि मी मनातल्या मनात तिच्या वतीनं माफ्या मागत होते. साहेब, ती चेष्टा करत नाही हो. तिच्याकडे तसंच बोलतात.

दवाखाना मोठा, काचेचा. परदेशातले पेशंट येतात म्हणून सगळा कारभार इंग्रजीत. तिला आत बोलावलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. बऱ्याच वेळानं दार उघडलं. रमिला बाहेर आली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी उठून तिला जवळ घेणार तोच तिच्यामागून पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या एक बाई आल्या. दवाखान्याच्या मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं.

आत काय झालं होतं ते मला नंतर रमिलानं सांगितलं. टाय लावलेला एक तरुण प्रश्न विचारत होता. ही प्रत्येक प्रश्न आधी परत म्हणून मग उत्तर देत होती. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला तो वैतागला. "माझंच वाक्य मला का ऐकवतेस? उत्तर दे," म्हणाला. झालं! हिचा आवाज बंद. त्यानं कागद बाजूला सारायला घेतला, तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेल्या मेट्रन बोलल्या. प्रश्न नव्हताच तो, वॉर्डात देतात तसा हुकूम होता, इंग्रजीत, भरभर. सलाईन बंद कर, ताप पुन्हा बघ, डॉक्टरांना फोन लाव, नातेवाइकांना आत सोडू नकोस. रमिलाला समोरची रांग मिळाली. तिनं सगळं ओळीनं, एक शब्द न सोडता परत म्हटलं. आणि मग आपली ओळ दिली. "विच बेड, मॅडम?"

मेट्रननी बेड सांगितलाच नव्हता.

त्या टायवाल्याकडे वळून म्हणाल्या, "अपरात्री डॉक्टर फोनवर औषध सांगतात. नर्सनं ते आधी परत म्हणून दाखवायचं, मगच द्यायचं. नाहीतर माणूस मरतो. ही एवढी गोष्ट अंगात मुरवायला नव्या पोरींच्या मागे लागून लागून माझा जीव जातो, आणि तू हिला म्हणतोस परत म्हणू नकोस?"

ते सगळं झाल्यावर आता त्या बाई माझ्यासमोर उभ्या होत्या. "तुम्ही हिच्या टीचर का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी हो म्हटलं. "ही सवय तुम्ही लावलीत?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. आयुष्यभर इंग्रजी शिकवून इतक्या मोठ्या ठिकाणी असा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. पण रमिला शेजारीच उभी होती. मी म्हटलं, "नाही. हिच्या पाड्यातल्या बायकांनी लावली. लग्नात गाताना."

त्यांना ते किती कळलं कोण जाणे. चष्मा पुसून डोळ्यावर चढवला आणि म्हणाल्या, "हिला पहिल्या तारखेपासून पाठवा. आणखी आहेत का अशा मुली?"

मी म्हटलं, "आहेत की. हव्या तेवढ्या." आणि मग मलाच रडू फुटलं. बाकावर बसून रमिला आणि मी येड्यासारख्या रडत होतो आणि जाणारे-येणारे बिचारे आमचं कुणी गेलं असं समजून हळहळत होते.

खाली पायऱ्यांवर आल्यावर मी म्हटलं, "बाबांना कळव." रमिला म्हणाली, "त्यांना नाही लागणार, मॅडम. पाड्यात रेंजच नाही. वरच्या टेकाडाच्या टोकावर एका जागी उभं राहिलं तरच फोन लागतो. गावातलं कुणी त्या बाजूला गेलं असेल तर निरोप ठेवते." ऊन चांगलंच चढलं होतं. तिनं आपलं सहज म्हणून बापाचाच नंबर लावून पाहिला.

पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

ती पावरीत एवढंसंच काहीतरी बोलली. पलीकडून दोनच वाक्यं आली आणि फोन बंद झाला. रमिला फोनकडे बघतच राहिली.

"काय म्हणाले गं?"

"म्हणाले, मग मी आता खाली उतरतो. सकाळपासून जेवलो नाही."